नळ्या झाडायची वेळ

लग्न होऊन मी डिलाईल रोडच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवर काळे ठिपके दिसले. मला वाटलं, रात्री माझंच काजळ पुसलं गेलं असेल. नव्या घरात पहिल्याच दिवशी अभ्रा खराब केला म्हणून मी गुपचूप उशी उलटी करायला गेले, तर खालची बाजूही तशीच. हे मोरीपाशी तोंड पुसत उभे होते. त्यांनी माझ्या हातातली उशी पाहिली आणि ओशाळून म्हणाले, "तुझं काजळ नाही गो ते. आमच्या खात्याचं आहे."

आमचं खातं म्हणजे गिरणीचं पावरहाऊस. चाळीच्या मागे एक बोळ, बोळापलीकडे दगडी भिंत आणि भिंतीआड कोळशाचं आवार. त्या गिरणीची वीज तिथेच तयार व्हायची. कोळशावर बॉयलर तापायचे, वाफेवर चाकं फिरायची आणि त्या विजेवर आतले सगळे माग आणि दिवे चालायचे. हे तिथे फायरमन होते. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकायचा, निखारा सारखा करायचा, वाफेच्या काट्यावर डोळा ठेवायचा, हे त्यांचं काम. सगळ्याचा धूर जायचा तो उंच चिमणीतून. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ती चिमणी अशी समोर दिसायची की हात लांब केला तर लागेल असं वाटावं.

माझ्या माहेरी, मालवणाकडे, धूर म्हणजे चुलीचा. तो कौलांतून निघायचा आणि माडांत विरून जायचा. इथला धूर विरत नसे, तो खाली यायचा. दिवसभर बारीक काजळी पडतच असे, ती सोसण्यासारखी होती. पण प्रत्येक पाळीत एकदा बॉयलरच्या आतल्या नळ्या झाडायच्या असत. नळ्यांवर धरलेली काजळी वाफेच्या झोताने उडवून लावायची आणि ती सगळी चिमणीतून बाहेर. तेव्हा आकाशातून काळे पापुद्रे पडत. जळालेला कागद उडवावा तसे हलके, आणि हात लावला की पसरणारे. दोरीवरचं धुणं, वाळत टाकलेले पापड, उघडं राहिलेलं ताक, झोपलेल्या पोरांच्या नाकपुड्या, काही सुटत नसे. 'नळ्या झाडल्या' हे शब्द चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते, आणि ते शिवीसारखे उच्चारले जात.

मी फायरमनची बायको, तेव्हा ती शिवी माझ्या वाट्याला. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडची एक काकी राहायची. तिचा नवरा त्याच गिरणीत मागावर होता. नळावर सगळ्यांसमोर ती मला म्हणायची, "तुझा नवरा वरनं काळं टाकतोय आन आम्ही खालनं धुतोय. ब्येस चाललंय." बाकीच्या हसायच्या. मी मान खाली घालून हंडा भरायची.

एकदा मी ते ह्यांना सांगितलं. ऐकून त्यांनी पुढ्यातला घास तसाच ठेवला. "नळ्या नाही झाडल्या तर वाफ पडते," ते म्हणाले. "वाफ पडली की माग थांबतो. काकीच्याच नवऱ्याचा." पण त्यांनी ते कधी काकीला ऐकवलं नाही. बोळात ती समोर आली की हे भिंतीला लागून चालायचे.

खोटं कशाला बोलू, त्या पावरहाऊसचा आम्हाला उपयोगही होता. राखेचा ढीग बोळाच्या टोकाला पडायचा. त्यात अर्धवट जळलेला कोळसा सापडे. बायका टोपल्या घेऊन तो वेचायच्या आणि आमच्या शेगड्या त्यावर पेटायच्या. वेचायला सगळ्यात आधी काकीच असायची. भिंतीखालच्या मोरीतून गरम पाणी वाहायचं, थंडीत बायका त्यात गोधड्या बुडवून घ्यायच्या. पण त्या ढिगाची राख वाऱ्याने उडे, आणि त्या मोरीच्या कडेला गवताची काडी उगवत नसे.

मी आले त्याच सुमारास मुंबईसाठी मोर्चे सुरू झाले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, हे पोराटोरांच्याही तोंडी होतं. मग गोळीबाराचे दिवस आले. लालबाग-परळात माणसं पडली. चाळीचे दरवाजे आतून लावले गेले, अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते, आणि हे पाळीवर गेलेले परतले नव्हते. गिरणी बंद, माग बंद, पण बॉयलर असा सोडून येता येत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते. काकी शेजारी येऊन उभी राहिली. मग चिमणीकडे बोट करून म्हणाली, "धूर निघतोय बघ. बारीक हाय, पर निघतोय. म्हंजी आत कोळसा टाकणारा माणूस धड हाय." त्या दिवशी मी त्या धुराकडे देवाकडे बघावं तशी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. काळे, उपाशी, पण धड. काकीने आपल्या चुलीवरची भाकरी आणून दिली आणि नळावरचं बोलणं तेव्हापासून जरा मऊ झालं.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं, तिथे ती खणखणीत होती. इकडे आणली आणि थोड्याच दिवसांत तिला खोकला लागला. छाती अशी वाजायची की आत कुणीतरी सुकं पान चुरगाळतंय असं वाटे. तिची दुपटी मी दिवसातून तीनतीनदा धुवायची, आणि दोरीवरून काढताना त्यांवर काळे डाग. तेच दुपटं तिच्या तोंडाशी. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घर कुठं आहे?" मी सांगितलं. त्यांनी नुसतीच मान हलवली. "धुरापासून लांब ठेवता येईल का?" त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनीच पुढे सांगितलं, "निदान काजळी पडते तेव्हा खिडक्या लावून आत ठेवा."

काजळी कधी पडेल, हे कुठे ठाऊक असायचं? वाफेच्या आणि कामाच्या सोयीने कधी सकाळीच झाडत, कधी दुपारी.

सासूबाई गावाहून नात बघायला आल्या होत्या. तिचा खोकला ऐकून त्यांनी ठरवूनच टाकलं. "चेडवाक घेऊन मी गावाक जातंय. हंयसर ह्या धुरात ता वाढाचा नाय." बोलणं खरं होतं. मी मुलीला उगाच जास्त घट्ट धरून बसले. हे जेवण झाल्यावर खाटेच्या कडेला बसून होते. मग उठून त्यांनी माझी ट्रंक उघडली आणि तळाचं विरलेलं लाल लुगडं काढलं.

"ह्याचा तुकडा घेऊ?"

"कशाला?"

"उद्या सांगतो. आधी बघू दे, जमतंय का."

कोळशाच्या आवारात एक लोखंडी जिना होता, वरच्या कोठारापर्यंत जाणारा. त्याचा वरचा कठडा आमच्या गॅलरीतून स्पष्ट दिसे. दुसऱ्या दिवशी सकाळी हे त्या कठड्याशी दिसले. त्यांनी लाल तुकडा बांधला, गॅलरीकडे तोंड करून जरा थांबले आणि खाली उतरले. मला काही कळलं नाही. मी दुपटी वाळत घालतच राहिले. थोड्या वेळाने चिमणीतून काळा लोट निघाला आणि सगळं पुन्हा धुवायला लागलं. मग कळलं.

तिसऱ्या दिवसापासून लाल कापड दिसलं की मी धुणं काढायची, मुलीला आत घ्यायची, खिडकी लावायची. काकीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "आज ऊन असताना कापडं का काढतीस?" मी सांगितलं. तिने लगेच आपली दोरी रिकामी केली आणि गॅलरीभर ओरडत गेली, "काढा गं, कापडं काढा." आठवडाभरात सगळ्या मजल्यांवर हे सुरू झालं. दुसऱ्या पाळीचा फायरमनही तेच कापड बांधू लागला, कारण त्याचं बिऱ्हाडही आमच्याच चाळीत, तळमजल्यावर.

मुलीचा खोकला अगदी गेला नाही, पण उतरला. सासूबाई एकट्याच गावी परतल्या. जाताना लेकाला म्हणाल्या, "बापूस असावो तर असो, तुझ्यासारखो." ते ऐकून हे लाजले.

आणि मला आणखी एक मिळालं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीच्या एका खोलीत, त्यात पाव्हणेरावळे, दिवसाउजेडी नवऱ्याकडे डोळे भरून पाहायची सोय कुठली? पण ते कापड बांधायला जिन्यावर चढले की वर क्षणभर थांबायचे. एवढ्या लांबून चेहरा दिसत नसे, पण मान कुठे वळली ते कळायचं. मी दोरीवरचं कापड हातात धरून उभी असायची. मग ते उतरायचे, मी खिडक्या लावायची.

हे सगळं असंच चाललं असतं, पण चळवळ पुन्हा जोरात आली. गिरणीच्या फाटकासमोर पोलिसांची गाडी उभी राहू लागली. आमच्या चाळीतल्या बायकाही मोर्च्यांना जाऊ लागल्या. काकी तर पुढे. मी मुलीला काखेत घेऊन दोनदा गेले होते.

एका सकाळी ह्यांनी नेहमीसारखं कापड बांधलं. सगळ्या गॅलऱ्यांतून बायका धावल्या, दोऱ्या रिकाम्या झाल्या, पोरं आत ओढली गेली, दारं-खिडक्या धडाधड लागल्या. आणि नेमका त्याच वेळी पलीकडच्या नाक्यावरून घोषणा देत मोर्चा वळला. खाली उभ्या पोलिसांनी काय पाहिलं असेल ते मी नंतर मनाशी जुळवून बघितलं. गिरणीच्या जिन्यावर लाल फडकं चढतं, सगळी चाळ चिडीचूप होते आणि मोर्चा येतो. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

तासाभराने तळमजल्यावरच्या त्या फायरमनने वर येऊन सांगितलं, "वहिनी, त्यांना साहेबांच्या ऑफिसात बसवलंय. फौजदार आलाय. कोणासाठी इशारा करत होतास म्हणून विचारतायत."

"मग ह्यांनी काय सांगितलं?"

"धुण्यासाठी म्हणाले. कोण ऐकतंय?"

मी मुलीला उचललं आणि दारातच बसले. काकी आपल्या खोलीतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, आणि तिने पहिल्यांदा विचारलं ते हे, "काल तुझं कोणचं धुणं काळं झालतं?"

रात्रीच्या झाडणीत सापडलेली दोन दुपटी कोपऱ्यात पडली होती. ती तिने उचलली. आपला एक पंचा घेतला. मग दारोदार जाऊन तिने मागणीच केली, आणि बायका चादरी, परकर, टोप्या घेऊन बाहेर आल्या. त्याचं एक गाठोडं झालं. "चल," ती मला म्हणाली. "रडायचं आसंल तर तिथं जाऊन रड. इथं कोण बघतंय?"

मोर्च्यांना जाऊन बायकांची भीड चेपली होती. फाटकावरच्या भय्याने अडवलं तेव्हा काकी सरळ खाली बसली आणि तिच्यामागे सगळ्या बसल्या. आत निरोप गेला. शेवटी काकीला आणि मला तेवढं आत सोडलं.

हे टेबलासमोर उभे होते. हात मागे, मान खाली. मला बघून त्यांनी मान आणखी खाली घातली. पावरहाऊसचे साहेब पिकल्या केसांचे, मराठी नव्हते पण मराठी बोलायचे. फौजदार खुर्चीवर, आणि टेबलावर माझ्या लुगड्याचा तुकडा.

काकीने न विचारता गाठोडं सोडलं आणि एकेक कपडा टेबलावर मांडत गेली. "ही चादर. हा पंचा. हे ह्या पोरीचं दुपटं. आता इचारा त्यास्नी, कोणाला इशारा करत हुते."

फौजदार म्हणाला, "बाई, आम्ही लाल निशाण बघितलंय."

"फडकं आहे ते," मी म्हणाले. आवाज माझा आहे याचं मलाच नवल वाटलं. "माझ्या लुगड्याचं."

"मग लालच कशाला?"

"धुरात पांढरं दिसलं नसतं."

"हिरवं बांधायचं होतं."

"हिरवं लुगडं मला अजून घेतलेलं नाही," मी म्हणाले.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. ते हसत होते हे मला उशिरा कळलं, तेव्हा मला वाटलं त्यांना खोकला आला. फौजदार मात्र हसला नाही. तेवढ्यात मुलगी खरंच खोकू लागली. ती नेहमीची उबळ, चेहरा लाल होईपर्यंत. ती थांबल्यावर साहेबांनी दुपटं उचललं, काळा डाग बोटांत चोळला, उजेडाकडे धरला. "ही नुसती राख नाही," ते ह्यांना म्हणाले. "कोळसा पुरता जळत नाही आहे. हवा कमी पडते का?"

"दोन नंबरला पडते साहेब," हे हळूच म्हणाले.

"मला का नाही सांगितलं?"

हे टेबलावरच्या फडक्याकडे बघत राहिले. साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही.

ते फौजदाराशी इंग्रजीत बरंच बोलले. फौजदार उठला आणि ह्यांच्यापुढे बोट नाचवून म्हणाला, यापुढे त्या जिन्यावर कसल्याही रंगाचं फडकं दिसलं तर थेट कोठडी. तुकडा त्याने बरोबर नेला. तो गेल्यावर साहेब आम्हाला म्हणाले, "धूर मी बंद करू शकत नाही, बाई. गिरणी त्याच्यावर चालते. पण नळ्या झाडायची वेळ ठरवून देऊ शकतो. तुमचं धुणं कधी वाळतं?"

एवढं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. काकीने वेळ सांगितली. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की मग झाडा, तोवर आमच्या दोऱ्या रिकाम्या होतात. साहेबांनी मान डोलवली आणि ती वेळ ठरली. दोन नंबरच्या बॉयलरचंही काम काढलं. काजळी थांबली नाही, पण पापुद्रे लहान झाले. धूर पूर्वी काळा होता, तो आता करडा झाला, एवढाच फरक. आम्हाला तो मोठा वाटला.

नळावर काकीने सगळ्यांना आमची गोष्ट रंगवून सांगितली. त्यात मी फौजदाराला चांगलंच झापलं होतं.

ठरलेल्या वेळेमुळे चाळीची सोय झाली, पण ह्यांना जिन्यावर चढायचं कारण उरलं नाही. एकदा जेवताना ते भाताकडे बघत म्हणाले, "आता वरून गॅलरी दिसत नाही."

"दिसून काय करायचं होतं?" मी म्हणाले.

"काही नाही," ते म्हणाले. "सवय झाली होती."

त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही मुलीला घेऊन दादरच्या चौपाटीवर जाऊ लागलो, ते त्यानंतर. डॉक्टरीणबाईंनी मोकळी हवा सांगितली होती म्हणून, असं हे सगळ्यांना सांगायचे.

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळं गिरणगाव दिव्यांनी सजलं, आमच्या गिरणीवरही दिव्यांच्या माळा लागल्या. आम्ही बायका संध्याकाळी मुलांना घेऊन लालबागपर्यंत पायी गेलो. हे पाळीवर होते. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, केवढी रोषणाई होती, तुम्ही पाहिली नाही. तर म्हणाले, "काट्यावर पाहिली की. एवढी वाफ कधी लागली नव्हती." त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पुढे गिरणीने बाहेरची वीज घेतली. वाफेपुरता एक बॉयलर राहिला, मग तोही तेलावर गेला. राखेचा ढीग उचलला गेला. बायकांनी रॉकेलचे स्टोव्ह घेतले. मुलीची छाती शाळेत असताना हिवाळ्यात वाजायची, नंतर तेही थांबलं. चाळीवरची काजळी गेली, पण ह्यांच्या छातीत ती राहिली. निवृत्त व्हायच्या आधीच त्यांना जिना चढताना थांबावं लागे.

मुलगी सरकारी नोकरीला लागली, तिला अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं, आणि आम्ही तिच्याकडे राहायला गेलो. तिथल्या गच्चीवरून खाडीपलीकडच्या, ट्रॉम्बेकडच्या चिमण्या दिसायच्या. मुंबईला वीज तिकडून येत होती. मी म्हटलं, बरं झालं, आपल्या डोक्यावरचा धूर गेला. हे तिकडेच बघत होते. "गेला कुठे?" ते म्हणाले. "त्याच्या खाली पण कुणी राहात असेल."

तेव्हा त्यांना महिन्यातून एकदा परळच्या इस्पितळात न्यावं लागे. बस हिंदमाताला सोडायची आणि तिथून आम्ही चालत जायचो. ह्यांना पाचपन्नास पावलांवर दम लागे. पण रस्त्यात दम खात उभं राहणं त्यांना आवडत नसे, म्हणून ते साड्यांच्या दुकानांसमोर थांबायचे आणि काचेआडच्या साड्या निरखायचे. मीही साड्या बघायची. पुन्हा दम लागला की पुढचं दुकान.

एकदा एका दुकानासमोर जरा जास्तच वेळ लागला. आतला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "या ना काका, बाहेर का उभे? आत बसून बघा." ह्यांना नाही म्हणायलाही दम नव्हता. आम्ही आत गेलो. गादीवर बसलो. पंखा होता, पाण्याचा पेला आला. त्या माणसाने ढिगातून साडी काढून समोर पसरली. मग दुसरी, मग तिसरी. ह्यांची छाती अजून भात्यासारखी हलत होती, आणि ते मोठ्या गंभीरपणे पदर बघत होते. चौथी उलगडल्यावर तो माणूस माझ्याकडे पाहू लागला, की घेताय का नुसतं बघताय.

"ह्याच्यात जरा गडद रंग दाखवा," मी म्हणाले. त्याने दाखवला. मग मी म्हटलं, "बारीक काठात काही आहे?" तो उठून वरच्या फळीकडे गेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय. त्यांनी गादीवरचा माझा हात दाबला.

"घाई नाही हो," मी त्या माणसाला म्हणाले. "सावकाश काढा. आम्हाला वेळ आहे."